कॉलेज रोडच्या आत आमची चार मजली सोसायटी, बिल्डर म्हणतो चौदा मजले. सही करण्याआधी काय तपासू?

मोगरा

नमस्कार. आमची सोसायटी नाशिकच्या कॉलेज रोडच्या आतल्या बाजूला, १९९२ सालची. चार मजले, सोळा फ्लॅट, लिफ्ट नाही. प्लॉट साधारण १२०० चौरस मीटर. टेरेस दर पावसाळ्यात गळतं, जिन्याखालच्या दोन कॉलमचं कव्हर सुटून गंजलेली सळई दिसतेय. वरच्या मजल्यावरच्या आजींना जिना उतरवत नाही, त्या दवाखान्याशिवाय घराबाहेर पडतच नाहीत.

एका बिल्डरने प्रस्ताव आणलाय. खाली पार्किंगचे दोन मजले, वर राहायचे बारा. प्रत्येक सभासदाला सध्याच्या कार्पेटपेक्षा ३० टक्के जास्त जागा, दोन लिफ्ट, काम होईपर्यंतचं भाडं, सामान हलवायचा खर्च. ब्रोशरमध्ये वरच्या मजल्याच्या खिडकीतून पांडवलेणीचा डोंगर दाखवलाय. सभेत निम्मे लोक तिथल्या तिथे सही करायला निघाले. उरलेले म्हणतात एवढी उंच इमारत नकोच, उद्या आग लागली तर, भूकंप झाला तर.

मी सेक्रेटरी आहे. सोळा घरांचा प्रश्न आहे आणि त्यातल्या सहा घरांत पेन्शनवरची माणसं आहेत. मला कुणाच्या घाईवरही जायचं नाही आणि कुणाच्या भीतीवरही. नेमकं काय तपासायचं, ते जाणकारांनी सांगावं.

पंधरावा मजला

आम्ही गंगापूर रोडला उंच इमारतीत राहतो. चांगलं आधी सांगते. हवा भरपूर, डास जवळजवळ नाहीत, उन्हाळ्यात रात्री खिडक्या उघड्या टाकून झोपता येतं. सासूबाई व्हीलचेअरवर आहेत, त्यांना रोज खाली बागेत नेता येतं. चार मजली बिनलिफ्टच्या इमारतीत हे जमलं नसतं. त्यामुळे उंच म्हणजे वाईट असं मी म्हणणार नाही.

पण आमच्याकडे आठव्या मजल्यावर रेफ्यूज एरिया आहे, आगीच्या वेळी लोकांनी थांबायची मोकळी जागा. तिथे आधी कुंड्या आल्या, मग सायकली, मग कुणाचा तरी जुना सोफा. कमिटीने नोटिसा लावल्या, कुणी ऐकेना. शेवटी मी आणि दोघी-तिघींनी एका रविवारी उभं राहून सगळं हलवून घेतलं. इमारत बांधून झाल्यावर ती नीट ठेवायची कोणी, हे आत्ताच ठरवा.

ओळंबा

मोगराताई, माझं आयुष्य नाशिकच्या साईटवर गेलं, स्लॅब भरण्यापासून कम्प्लिशनची फाईल फिरवण्यापर्यंत. सविस्तर लिहितो, कारण असे प्रस्ताव आता शहरात गल्लोगल्ली येतायत आणि लोक ब्रोशर वाचून सही करतायत.

सळई दिसतेय म्हणजे पहिलं काम स्ट्रक्चरल ऑडिट. आदर्श उपविधीप्रमाणे ३० वर्षांवरच्या इमारतीचं ऑडिट दर तीन वर्षांनी करायचं असतं. ते बिल्डरच्या इंजिनिअरकडून करू नका, सोसायटीच्या पैशाने करा. इमारत खरंच संपली आहे, की कॉलमला जॅकेटिंग (भोवती नवीन सळई-काँक्रीटचा थर) आणि वर वॉटरप्रूफिंग करून अजून काही वर्षं निघतील, हे तुमच्या हातात लेखी असलं की वाटाघाटीत तुम्ही घाबरून बोलणार नाही.

आता चौदा हा आकडा कुठून आला ते बघा. डिसेंबर २०२० मध्ये यूडीसीपीआर ही बांधकामाची नियमावली आली, मुंबई सोडून जवळजवळ सगळ्या राज्याला एकच. प्लॉटवर किती बांधता येईल ते तीत समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. मूळ एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येईल तो आकडा, १.१. रस्ता ९ मीटरपासून १२ च्या आत असेल तर प्रिमियम (पैसे भरून मिळणारा जादा एफएसआय) आणि टीडीआर (दुसऱ्या जमिनीचा विकत घेतलेला बांधकामाचा हक्क) धरून २ पर्यंत जाता येतं. १२ ते १५ मीटरला २.२५, १५ ते २४ ला २.५, आणि ३० च्या पुढे ३. त्यावर ६० टक्क्यांपर्यंत ॲन्सिलरी, म्हणजे जिना-बाल्कनीसारख्या गोष्टींसाठीचा पूरक एफएसआय, अर्थात पैसे भरून. जिना, लिफ्ट, बाल्कनी पूर्वी मोजणीबाहेर राहायचे, ते आता आत मोजतात.

तुमच्या प्लॉटला १२ मीटरचा रस्ता धरला तर १२०० गुणिले २.२५ म्हणजे २७००, त्यावर ६० टक्के, एकूण ४३२० चौरस मीटर. एका मजल्याला साडेतीनशे-तीनशे साठ धरले की बरोबर बारा मजले. म्हणजे बिल्डर हवेत बोलत नाहीये. त्याने १२ मीटर रस्ता आणि पूर्ण टीडीआर गृहीत धरलाय. पण मंजूर लेआऊटमध्ये तोच रस्ता ९ मीटरचा निघाला तर हिशोब ३८४० वर येतो, एक अख्खा मजला आणि वर थोडं गळतं. हा फरक बिल्डर स्वतःच्या खिशातून भरत नाही. तो परत तुमच्याकडे येतो: ३० ऐवजी २० टक्के घ्या, भाडं कमी करा. तोवर तुम्ही घर सोडून भाड्याने राहायला गेलेले असता. म्हणून राजीव गांधी भवनातल्या नगररचना विभागातून मंजूर लेआऊटची आणि तुमच्या जुन्या बांधकाम नकाशाची प्रत सोसायटीच्या नावाने काढा. कोणाच्याही फोटोकॉपीवर विसंबू नका.

कपाटांचं प्रकरण आठवत असेल. जुन्या नियमांत भिंतीबाहेर काढलेली कपाटं एफएसआयमध्ये धरत नसत. ती खोलीत मिसळून खोल्या मोठ्या केल्या गेल्या आणि २०१५ च्या सुमारास महापालिकेने अशा इमारतींची कम्प्लिशन सर्टिफिकेट थांबवली. हप्ते चालू, घर तयार, दाखला नाही, अशी कितीतरी कुटुंबं मी पाहिली. त्यातल्या बहुतेकांनी नकाशा कधी बघितलाच नव्हता. तुमच्या सोळाही सभासदांनी नव्या इमारतीचा नकाशा सभेत, आर्किटेक्टला समोर बसवून बघावा, आणि नकाशात नसलेली एक वीत जागासुद्धा तोंडी बोलण्यावर घेऊ नये.

आगीचं. २४ मीटरच्या वर गेली की इमारत हाय-राईज धरतात. तुमची चाळीसच्या पुढे जाईल. मग दोन जिने, रेफ्यूज एरिया, आगीसाठी वेगळं पाणी खालीही आणि वरही, हे सगळं आलंच. लोक हे विचारतातही. जे कुणी विचारत नाही ते म्हणजे, बंब उभा कुठे राहणार? राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे इमारतीभोवतीची वाट किमान ६ मीटर रुंद आणि ४५ टनांचा बंब पेलेल इतकी मजबूत लागते. तुमच्या प्रस्तावात पार्किंग प्लॉटच्या कडेपर्यंत पसरवलं असेल, किंवा वाटेखाली पाण्याची टाकी असेल, तर त्या स्लॅबचं डिझाइन किती वजनाला केलंय ते लेखी मागा. बांधून झाल्यावर महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीचं ‘नमुना ब’ प्रमाणपत्र भरावं लागतं. ती जबाबदारी बिल्डरची नाही, सोसायटीची.

भूकंपाची भीती मनातून काढा असं मी म्हणणार नाही. नाशिक झोन तीनमध्ये आहे आणि पेठ-सुरगाण्याकडचे धक्के दिंडोरी रोडच्या ‘मेरी’ या सरकारी अभियांत्रिकी संशोधन संस्थेत नोंदले जातात. पण आज जास्त धोका गंजलेल्या सळईच्या १९९२ च्या इमारतीला आहे, नीट डिझाइन केलेल्या नव्या इमारतीला नाही. तुम्ही एवढंच बघा की पार्किंगचे मजले नुसत्या कॉलमवर उभे नाहीत ना. लिफ्टभोवतीच्या आरसीसी भिंती थेट पायापर्यंत गेल्या पाहिजेत. आणि मातीपरीक्षणाचा अहवाल मागा. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी काळा पाषाण लवकर लागतो, पण नाल्याकाठी काळी माती आणि भराव निघतो.

कागदपत्रांचं थोडक्यात लिहितो, कारण ते वकील सांगेलच. जमीन सोसायटीच्या नावावर आहे का, म्हणजे कन्व्हेयन्स झालंय का, ते आधी. नसेल तर डीम्ड कन्व्हेयन्स, म्हणजे मूळ बिल्डर सही देत नसला तरी सरकारी आदेशाने होणारं हस्तांतरण, करून घ्या. पुनर्विकासाची पद्धत ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयात, सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अ खाली, दिलेली आहे: विशेष सभेला दोन तृतीयांश उपस्थिती, ५१ टक्के सभासदांची लेखी संमती, निबंधकांचा प्रतिनिधी हजर, सभेचं चित्रीकरण, आणि बिल्डरकडून प्रकल्प खर्चाच्या २० टक्के बँक गॅरंटी. गॅरंटीचं नाव काढल्यावर जो बिल्डर विषय बदलतो, त्याच्याशी पुढे बोलू नका.

भद्रकालीकर

ओळंबाकाका, माहिती उत्तम. पण एक बाजू राहतेय. मी जुन्या नाशकातल्या वाड्यात वाढलो. आमच्याकडे दर पावसाळ्यात कुठला ना कुठला वाडा कोसळतो, धोकादायक इमारतींच्या नोटिसा चिकटतात आणि माणसं तिथेच राहतात, कारण भाडेकरू, वारस, वाद. आणि तुम्ही सांगितलेला रस्त्याचा नियम आमच्या मुळावर येतो. गल्ली तीन-चार मीटरची, मग एफएसआय कसला नि टीडीआर कसला. एकट्या वाड्याचं गणित बसतच नाही. कॉलेज रोडला बिल्डर रांगेत उभे, आमच्याकडे कुणी फिरकत नाही. अनेक वाडे एकत्र करून, गल्ल्या रुंद करून क्लस्टर, म्हणजे सगळ्यांचा मिळून एकच पुनर्विकास, करायचं म्हटलं तर घराघरांत एकमत नाही.

नदीकाठचं तर विचारूच नका. २००८ चा पूर ज्यांनी घरात बघितलाय त्यांना निळी रेषा-लाल रेषा, म्हणजे नकाशावरच्या पुराच्या हद्दी, समजावून सांगाव्या लागत नाहीत. निळ्या रेषेच्या आत बांधता येत नाही हे योग्यच आहे, पण तिथे आधीपासून राहणाऱ्यांनी जायचं कुठे, हे कुणी बोलत नाही. मोगराताई, तुमच्याकडे पर्याय आहे, त्याचा पुरेपूर उपयोग करा. एवढंच म्हणतो की शहर वाढायचं तर उंच जाणं टळणार नाही. उंची कुठे द्यायची हे मात्र फक्त जमिनीच्या भावावर ठरू नये.

ओळंबा

भद्रकालीकर, तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. रुंद रस्त्याला जास्त एफएसआय देण्यामागे कारण आहे, कारण गाड्या, पाणी, ड्रेनेज सगळं त्या रस्त्यावर येतं. पण त्याने जुनं गाव मागे पडतं हेही खरं. गावठाणात क्लस्टर हाच रस्ता आहे, आणि तो महापालिकेने पुढाकार घेऊन करायचा आहे. एकेका वाड्यावर सोडून तो होणार नाही.

मोगरा

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचं वाचून आम्ही तिघी टेप घेऊन रस्त्यावर उतरलो. भिंत ते भिंत १२ मीटर आणि थोडं जास्तच भरलं. पण एका कडेला ट्रान्सफॉर्मर, समोरच्या बंगल्याचा ओटा पुढे आलेला, दोन जुनी कडुलिंबाची झाडं, आणि दोन्ही बाजूंना गाड्या. चालती वाट उरते साडेपाच मीटर. कोपऱ्यावर कचऱ्याची घंटागाडीसुद्धा दोनदा मागेपुढे करून वळते. झाडं तोडायची नाहीत यावर आमच्यात एकमत आहे. मग १२ धरायचे की साडेपाच?

दुसरं, पाण्याचं कुणी बोललं नाही. आत्ताच आमच्याकडे प्रेशर कमी आहे.

ओळंबा

एफएसआयला मंजूर रुंदी धरतात, त्यामुळे १२ मंजूर असतील तर बिल्डरचा हिशोब बसतो. पण बंब आणि पाण्याचा टँकर त्या साडेपाच मीटरमधूनच येणार. शिंगाडा तलावाच्या अग्निशमन केंद्रात सोसायटीचं पत्र द्या आणि अधिकाऱ्यांना कोपऱ्यावरचं वळण बघायला बोलवा. ओटा हटवणं आणि एका बाजूला नो-पार्किंग करणं हे काम सुरू व्हायच्या आधी व्हायला हवं. झाडं राहू द्या, अडचण झाडांची नाही, गाड्यांची आहे.

पाण्याचा हिशोब सोपा आहे. माणशी रोज १३५ लिटर धरतात. आज सोळा घरं, घरटी चार माणसं, म्हणजे ८,६४० लिटर. नवीन इमारतीत चाळीस घरं झाली तर २१,६०० लिटर. गल्लीतली लाईन तीच. गंगापूर धरणात पाणी भरपूर असलं तरी तुमच्या गल्लीतल्या पाईपातून येईल तेवढंच येणार. पाणीपुरवठा विभागाकडून त्या लाईनचा व्यास आणि नवीन जोडणी कुठून मिळेल ते लेखी घ्या. लाईन मोठी करावी लागली तर तो खर्च कुणाचा, हे करारात. पावसाच्या पाण्याची साठवण नुसती नकाशात दाखवून चालणार नाही, खड्डा प्रत्यक्ष खणलेला हवा.

पंधरावा मजला

मेन्टेनन्सचं राहिलं. दोन लिफ्ट, जनरेटर, पंप, फायर सिस्टीम, सिक्युरिटी. तुमच्या पेन्शनवरच्या सहा घरांना आज जे भरावं लागतं त्याच्या कितीतरी पट पडेल. आमच्याकडे यावरून दोन ज्येष्ठांनी फ्लॅट विकले.

मोगरा

हे मला सगळ्यात जास्त लागलं. आजींसाठी लिफ्ट हवी म्हणून उभी राहिले आणि लिफ्टच्या खर्चापायी त्यांनाच घर सोडावं लागलं, असं व्हायला नको. काका, यावर काही तोड आहे का?

ओळंबा

आहे. बिल्डर जो कॉर्पस, म्हणजे एकरकमी निधी, देणार असेल तो सभासदांना वाटून टाकू नका. सोसायटीच्या नावाने मुदत ठेवीत ठेवा आणि जुन्या सोळा घरांच्या मेन्टेनन्सला त्याचं व्याज लावायचं, असा ठराव आत्ताच करा. विकास करारातही ते कलम घाला, म्हणजे नवीन खरेदीदार बहुमतात आले तरी ते सहजासहजी बदलता येणार नाही. लिफ्टचा आणि फायर सिस्टीमचा पहिल्या पाच वर्षांचा देखभाल करार बिल्डरने करून द्यावा, हेही मागा, देतात. आणि महारेरा या गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणावर विसंबू नका. तिथलं संरक्षण मुख्यतः नवीन फ्लॅट विकत घेणाऱ्यांसाठी आहे. जुन्या सभासदाचा आधार म्हणजे त्याचा स्वतःचा नोंदणीकृत करार. तो सोळाही जणांचा वेगवेगळा नोंदवून, बांधकाम परवानगी हातात आल्यावरच घराच्या किल्ल्या द्या.

मोगरा

ठीक. येत्या सभेत प्रस्तावावर मतदान ठेवत नाही. ऑडिटसाठी इंजिनिअर नेमणं, मंजूर लेआऊट काढणं आणि कॉर्पसचा ठराव, एवढे तीनच विषय घेतलेत. बिल्डरला तसं कळवलंय, तो म्हणाला ऑफर महिनाभरच खुली आहे. त्याला सांगितलं, आमची सोसायटी इथेच आहे.