एकच दर लावून सामायिक खर्च वाटायचा? मला मान्य नाही

मशीनशॉप_बुटीबोरी
काल इथं एकानं लिहिलं, "सामायिक खर्च ज्यानं जेवढा वापरला तेवढा त्याच्यावर टाका, एकच दर लावा, वाद मिटतो." राजेहो, वाद तिथूनच सुरू होतो.

आमचंच सांगतो. कॉम्प्रेसर एक, वापरणारे विभाग दोन, आमचं मशीनशॉप आणि पॅकिंग. घसारा, एएमसी (वर्षाचा देखभाल करार), ऑपरेटरचा पगार मिळून महिन्याचे ३ लाख. हवा वापरा की नका वापरू, ते लागणारच. मशीन घेताना ६०:४० ची मागणी दोघांनी लिहून दिलेली. मे महिन्यात पॅकिंगची लाइन बंद पडली, त्यांचा वापर निम्मा झाला. अकाउंट्सनं वाटणी केली ६० ला २०. माझ्या नावावर १,८०,००० चे झाले २,२५,०००! हवा मी तेवढीच घेतली होती.

असा स्थिर खर्च राखीव क्षमतेवर वाटा, म्हणजे ज्यानं आधी जेवढी मागून ठेवली त्यावर. चल खर्च, म्हणजे वापराबरोबर वाढणारा, प्रत्यक्ष वापरावर, तोही आधी ठरलेल्या दरानं, म्हणजे कॉम्प्रेसर रूमची गळती माझ्या माथी येणार नाही.

खातेवही_धरमपेठ
राखीव क्षमतेवर वाटतो म्हटलं की प्रत्येक विभागाचा हेड बजेटमध्ये मागणी कमी लिहितो. अकरा वर्षं मी हेच फॉर्म गोळा करतोय. मग ऑर्डर वाढली की हवा पुरत नाही, अन् बोल अकाउंट्सला.

पॅकिंगवाली
हवेचं सोडा, बसचं बोला. नागपुरातल्या बर्डी ते बुटीबोरी बसचं भाडं आमच्याकडे डोकी मोजून वाटतात. माझ्या विभागात ४८ जणी. त्यातल्या ३५ टाकळघाट-बुटीबोरीच्या, सायकलनं येतात. बसमध्ये १३, बिल ४८ चं!

मशीनशॉप_बुटीबोरी
ताई, तो वेगळा विषय आहे.

पॅकिंगवाली
वेगळा काऊन? तुमचे ४५,००० दिसतात, आमचे नाही?

खातेवही_धरमपेठ
भाडं राहू द्या. डिझेल चल खर्च आहे, तेवढं बसणाऱ्यांवर टाकता येईल.

हिंगणा_नाइटशिफ्ट
चूक. १३ बसले काय अन् ४० बसले काय, बस तेवढेच किलोमीटर धावते. दुसरी गाडी लावली तरच खर्च वाढतो. लेजरमध्ये 'चल' लिहिलं म्हणून तो चल होत नाही. भाडं अन् डिझेल दोन्ही राखीव सीटांवर वाटा.

खातेवही_धरमपेठ
लेजर मला शिकवू नका. सीएएस-३, ओव्हरहेडचं कॉस्ट अकाउंटिंग मानक, आम्हीही वाचलंय. उत्पादनाचा स्थिर ओव्हरहेड (वरखर्च) सामान्य क्षमतेवर, म्हणजे नेहमी जेवढं उत्पादन निघू शकतं त्यावर धरायचा, रिकाम्या क्षमतेचा खर्च मालावर न चढवता नफा-तोट्यात न्यायचा. पण महिन्याच्या शीटवर 'न वाटलेली रक्कम' दिसली की साहेबांसमोर उभं मला राहावं लागतं, तुम्हाला नाही.

मशीनशॉप_बुटीबोरी
म्हणजे नियम माहीत असून टाकता! त्या ४५,००० नं माझा विभाग बजेटबाहेर गेला. सहा पोरांचा इन्सेंटिव्ह कापला. त्यांना काय सांगू?

खातेवही_धरमपेठ
इन्सेंटिव्ह त्या आकड्यावर बांधला असेल तर चूक तुमच्या अकाउंट्सची. कॉम्प्रेसरचं मानतो. बसचं नाही. सोय सगळ्यांसाठी आहे.

पॅकिंगवाली
टाकळघाटवरून बस जातच नाही, मग सोय कुणाची? सोमवारी सकाळी बसच्या दारात उभी राहून विभागवार माणसं मोजते. यादी इथंच टाकीन.