मदत हवी आहे : वाशिष्ठीच्या खाडीत खारटपणा मोजायचाय

नागपूरहून विद्यार्थी दाभोळ (खाडीचं मुख) ते गोवळकोट (आत, चिपळूणजवळ) खारटपणाच्या नोंदी घ्यायला जाणार आहेत. इथल्या दुकानांत मिळणारा पेनासारखा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणारा) बोअरच्या पाण्यापुरता ठीक; तो बहुधा ९९९० पीपीएमला थांबतो आणि समुद्राचं पाणी असतं ३५,००० च्या आसपास. म्हणून कंडक्टिव्हिटी मीटर (पाण्यातून वीज किती वाहते ते मोजणारा) घेतोय. कॅलिब्रेशनसाठी, म्हणजे मीटर अचूक लावून घ्यायला, ७.४५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवून एक लिटर द्रावण करायचं, म्हणजे २५ अंशांना १२.८८ मिलिसीमेन्स प्रति सेंटीमीटर मिळतं. पण समुद्राचं पाणी ५३ च्या घरात जातं. वरच्या टोकाचं तयार द्रावण नागपुरात कुठे मिळेल?

खरी अडचण पुढे आहे. गोडं पाणी हलकं, ते वर तरंगतं. खारं तळाने आत शिरतं. नुसती बादली बुडवून घेतलेला नमुना म्हणूनच फसवा. पृष्ठभाग आणि तळापासून एक मीटर वर, असे दोन नमुने हवेतच. त्यात वाशिष्ठीला कोयनेच्या वीजनिर्मितीचं अवजल (वीज करून झाल्यावर सोडलेलं पाणी) येऊन मिळतं, त्यामुळे उन्हाळ्यातही गोड्या पाण्याचा लोंढा कमीजास्त होतो. आकडा घसरला तर कारण ओहोटी की अवजल?

चिपळूण-दाभोळकडच्या जाणकारांनो, कृपया सांगा: दाभोळच्या भरतीनंतर गोवळकोटला पाणी किती वेळाने चढतं? उधाणाला (मोठ्या भरतीच्या दिवसांत) आणि भांगाला (लहान भरतीच्या दिवसांत) त्यात किती फरक पडतो? आणि खोलवरचा नमुना घेताना होडी स्थिर कशी ठेवता?