मीठ टाकलं की झालं, असं नाही

वर कुणीतरी म्हटलंय की बर्फ पडणाऱ्या शहरांत रस्त्यावर मीठ टाकलं की प्रश्न मिटतो. तसं नाही हो. मिठामुळे पाण्याचा गोठणबिंदू खाली येतो, पण साधारण उणे 10 अंशांच्या खाली साधं मीठ फारसं चालत नाही. मग कॅल्शियम क्लोराइड, नाहीतर नुसती पकड मिळावी म्हणून वाळू. शिवाय गंज! आमच्या गुहागरात खाऱ्या वाऱ्याने खिडकीच्या गजांचे पापुद्रे सुटून हातात येतात. त्या बर्फाळ शहरांत तेच मीठ पुलांच्या सळयांपर्यंत मुरतं.

मला खरी काळजी पायी चालणाऱ्यांची वाटते. अमेरिकेतल्या बऱ्याच शहरांत घरासमोरचा फुटपाथ घरमालकानेच साफ करायचा. मॉन्ट्रियलमध्ये ते काम महापालिका करते, बर्फ ट्रकांत भरून उचलूनही नेते. मला हीच पद्धत पटते. आमच्या पाखाडीला, म्हणजे घरांमधून जाणाऱ्या पायऱ्यांच्या वाटेला, श्रावणात जांभ्याच्या पायऱ्यांवर हिरवं बुळबुळीत शेवाळ धरतं. ज्याला जमेल तो आपल्या दारापुरती ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासतो. मधलं एक घर बंद, माणसं मुंबईला. गेल्या वर्षी आई नेमकी त्याच चार पायऱ्यांवर घसरली आणि मनगट मोडलं.