एम.एस्सी. जैवतंत्रज्ञान : ‘आव्हाने व संधी’ या पेपरच्या लघुप्रकल्पासाठी बीटी कापूस हा विषय जुना ठरतो का?

प्रश्न (विद्यार्थिनी, दारव्हा तालुका)

नमस्कार. मी एम.एस्सी. जैवतंत्रज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाला असून आम्हाला ‘जैवतंत्रज्ञानातील नवी आव्हाने व संधी’ या पेपरसोबत एका सत्राचा लघुप्रकल्प करावयाचा आहे. वर्गातील बहुतेकांनी क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्रावरील माहितीपर विषय घेतले आहेत. आमच्या विभागात पीसीआर यंत्र (डीएनएच्या ठराविक भागाच्या अनेक प्रती बनवणारे) आणि त्या प्रती पट्ट्यांच्या रूपात दाखवणाऱ्या जेल इलेक्ट्रोफोरेसिसची सोय आहे. जनुक-संपादन प्रत्यक्ष करता येईल अशी प्रयोगशाळा नाही. लेख वाचून अहवाल लिहिण्यापेक्षा काहीतरी हाताने करून पाहावे अशी माझी इच्छा आहे. घरी कोरडवाहू कापूस आहे, परंतु बीटीचा (बोंडअळीला मारणारे जिवाणूचे जनुक घातलेल्या कापसाचा) विषय काढला की ‘तो आता जुना झाला’ असे ऐकावे लागते. जाणकारांनी मत द्यावे.

उत्तर १ (निवृत्त वनस्पती पैदासकार, अकोला)

बीटी कापसाला भारतात २००२ मध्ये परवानगी मिळाली, त्या अर्थाने तंत्रज्ञान जुने आहे. मात्र गुलाबी बोंडअळीने त्यावर मात कशी केली, हे पदव्युत्तर वर्गातही दोन ओळींत उरकले जाते. अमेरिकेने बीटी कापूस आणि मुद्दाम सोडलेले वंध्य पतंग यांच्या साहाय्याने हीच अळी आपल्या कापूस पट्ट्यातून संपवली आणि २०१८ मध्ये तसे अधिकृतपणे जाहीर केले. आपल्याकडे मात्र २०१० पर्यंत गुजरातेत बीटी कापसातील क्राय-१-एसी या अळीनाशक प्रथिनाला दाद न देणारी अळी सापडली होती आणि पुढे दोन जनुकांचे बीजी-२ वाणही तिला रोखू शकले नाही. जनुके तीच असताना निकाल इतका वेगळा का लागला, हा ‘आव्हाने’ या शब्दाला शोभणारा प्रश्न आहे.

कारणे अनेक आहेत : फरदड (वेचणी संपल्यावरही तेच पीक राखून पुन्हा कापूस) घेण्याची सवय, अळीचा प्रतिकार लांबवण्यासाठी धुऱ्यावर लावायला पूर्वी वेगळे मिळणारे बिगर-बीटी बियाणे तसेच पडून राहणे, पऱ्हाट्यांचे (वाळलेल्या कापूस-झाडांचे) ढीग वावराशेजारी उन्हाळाभर रचून ठेवणे. पण तुमच्या प्रयोगशाळेला झेपणारे कारण वेगळे आहे. आपण प्रामुख्याने संकरित वाण लावतो. संकरित झाडात प्रत्येक बीटी जनुकाची एकच प्रत असते, त्यामुळे त्याच्या बोंडातील सरकी ही पुढची पिढी असून तिच्यात जनुकांची विभागणी होते. बीजी-२ मध्ये दोन जनुके स्वतंत्रपणे विभागली जातात. म्हणून सोळापैकी नऊ बियांत दोन्ही, तीन-तीन बियांत एकेक आणि एका बीत एकही नाही, असे प्रमाण अपेक्षित असते. गुलाबी अळी सरकीच खाते. तिला एकाच बोंडात विषारी, अर्धविषारी आणि निर्विष असे दाणे मिळतात आणि प्रतिकारक्षमता वाढायला याहून सोयीची परिस्थिती क्वचितच असेल. हे प्रमाण तुमच्या वावरातील बोंडांत पीसीआरने तपासा.

उत्तर २ (प्रयोगशाळा तंत्रज्ञ, गडचिरोली जिल्हा)

वरील सूचना चांगली आहे. तरी वैद्यकीय बाजूही विचारात घ्यावी. आमच्या भागात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण रोज येतात. विद्राव्यता चाचणी, त्यानंतर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या हिमोग्लोबिनचे प्रकार ओळखणाऱ्या तपासण्या, एवढ्यावर आमचे काम चालते. दुसरीकडे याच आजारावर क्रिस्परचा उपयोग करणाऱ्या ‘कॅसजेव्ही’ उपचाराला २०२३ च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिकेत मान्यता मिळाली. त्यात रुग्णाच्या मूलपेशी शरीराबाहेर संपादित करून बाळ गर्भात असताना बनणारे हिमोग्लोबिन पुन्हा सुरू केले जाते. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर ठेवली गेली; शिवाय संपादित पेशी परत देण्याआधी तीव्र केमोथेरपीने अस्थिमज्जा रिकामी करावी लागते, ज्यासाठी मोठे रुग्णालय हवे. भामरागडच्या रुग्णापर्यंत हे कसे पोहोचेल, हा प्रश्न पेपरमध्ये अवश्य मांडावा. प्रकल्पासाठी मात्र रक्ताचे नमुने घेऊ नका. मानवी नमुन्यांना नैतिकता समितीची परवानगी लागते आणि एका सत्रात ती क्वचितच हाती पडते.

उत्तर ३ (बियाणे गुणवत्ता तपासणी, नागपूर)

नोकरीच्या दृष्टीने पाहिल्यास, मुलाखतीत क्रिस्परची व्याख्या सगळेच सांगतात. नियंत्रण नमुना कोणता ठेवला आणि निकाल बिघडल्यावर काय केले, हे सांगणारे उमेदवार कमी असतात. उत्तर १ मधील विषय घ्यावा, असे मला वाटते. दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगतो. सरकीचे टरफल आणि त्यावरील तंतू आईच्या झाडाचे असतात, म्हणून टरफल पूर्ण काढून आतील गरच वापरा; नाहीतर प्रत्येक बी बीटीच निघेल. दुसरे, हल्ली बिगर-बीटी बियाणे पाकिटातच मिसळून येते. त्यामुळे बोंड तोडण्याआधी त्या झाडाचे पान तपासून घ्या.

विद्यार्थिनी

सर्वांचे आभार. साधारण किती बिया तपासाव्यात? आणि सरकीतून डीएनए स्वच्छ मिळत नाही, असे वरच्या वर्गातील ताई सांगतात.

उत्तर १

एकशे साठ बिया घेतल्यास दोन्ही जनुके नसलेल्या सुमारे दहा अपेक्षित आहेत. अपेक्षित व प्रत्यक्ष प्रमाण ताडून पाहणाऱ्या काय-वर्ग चाचणीसाठी तेवढे पुरते. डीएनएबाबत ताईंचे म्हणणे खरे आहे, कारण सरकीत गॉसिपॉल आणि इतर फिनॉल भरपूर असतात. डीएनए काढण्याच्या सीटॅब पद्धतीत फिनॉल बांधून ठेवणारे पीव्हीपी घाला. प्रत्येक नमुन्यासोबत कापसाच्या स्वतःच्या एखाद्या जनुकाचीही पीसीआर करा. जेलवर तिची पट्टी दिसली नाही तर त्या बीला बिगर-बीटी म्हणू नका, तो नमुना बाद धरा. बोंडे वावराच्या मधल्या तासांतून घ्यावीत, कारण कडेच्या झाडांवर शेजारच्या वाणाचे परागकण मधमाश्या आणतात.