गृहपाठ मोबाइलवर येऊ लागला, शाळेला काय सांगावे?

प्रश्न : सहावीतील मुलीची आई

माझ्या मुलीच्या शाळेत गृहपाठ, सूचना आणि सरावपत्रिका आता व्हॉट्सॲपच्या वर्गगटावरच येतात. याविषयी सरसकट तक्रार करणे मला प्रामाणिक वाटत नाही, कारण २०२० साली ती पहिलीत असताना शाळा बंद होत्या आणि तेव्हा मोबाइल व सह्याद्री वाहिनीवरील ‘टिलीमिली’ ही शैक्षणिक मालिका यांच्या आधारानेच तिचे शिक्षण चालू राहिले. आजही पुस्तकातील क्यूआर कोड स्कॅन करून ती दीक्षा ॲपवर हृदयाचे कार्य पाहते, तेव्हा तिला जे उमगते ते मला नुसत्या शब्दांनी समजावता आले नसते. परंतु गणित अडले की दोन मिनिटे स्वतः विचार करण्याऐवजी तिचा हात थेट मोबाइलकडे जातो आणि उत्तर वहीत उतरते. मोबाइल काढून घ्यावा तर गृहपाठ बुडतो. अशा वेळी शाळेकडे नेमकी कोणती मागणी करावी?

उत्तर : जिल्हा परिषद शाळेतील शिक्षिका

ताई, तंत्रज्ञान वर्गात कशासाठी आले, हे आधी पाहावे असे मला वाटते. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींसमोर अडचण होती ती भाषेची. मुलींच्या घरची भाषा कन्नड होती आणि पुस्तके त्या भाषेत नव्हती. म्हणून ते स्वतः कन्नड शिकले, पुस्तके मुलींच्या भाषेत आणली आणि कविता, गोष्टी व पाठ ऐकता-पाहता यावेत यासाठी त्यांना क्यूआर कोड जोडले. २०२० साली त्यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले, त्यामागे मुलांची गरज ओळखणारा शिक्षक होता. फळ्यावर लिहून देता येण्याजोगा गृहपाठ गटावर टाकल्याने मुलाची कोणती गरज भागते, हा प्रश्न आम्ही शिक्षकांनीही स्वतःला विचारायला हवा. चित्रफीत मात्र जरूर दाखवावी, पण वर्गात, जिथे ती मध्येच थांबवून ‘पुढे काय होईल?’ असे विचारता येते.

उत्तर : सांगली जिल्ह्यातील एक पालक

बाईंचे म्हणणे पटते, पण घरची बाजू त्यात राहून गेली. अनेक घरांत मोबाइल एकच असतो आणि तो वडिलांबरोबर कामावर जातो, त्यामुळे मुलांचा अभ्यास रात्री, सगळे थकलेले असताना सुरू होतो. शिवाय गृहपाठाच्या शेजारीच इतर सर्व काही उघडे असते. ‘असर’ या शालेय शिक्षणाविषयीच्या अहवालासाठी झालेल्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत १४ ते १६ वयोगटातील सुमारे ५७ टक्के मुलांनी आधीच्या आठवड्यात स्मार्टफोन अभ्यासासाठी वापरल्याचे सांगितले, तर समाजमाध्यमांसाठी तो वापरणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ७६ टक्के होते. आमच्या जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ मध्ये संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवण्याचे ठरले. मला त्यात सर्वांत मोलाचे वाटते ते हे की, तो नियम मोठ्यांनीही पाळायचा होता. शाळेने त्याच वेळेत गटावर गृहपाठ पाठवला, तर असा नियम टिकणार कसा?

उत्तर : शाळा व्यवस्थापन समितीचे एक सदस्य

आपली शाळा शासकीय किंवा अनुदानित असेल, तर हा विषय समितीकडे लेखी द्यावा. शिक्षण हक्क कायद्यानुसार समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. ‘मोबाइल बंद करा’ अशी मोघम मागणी न करता, गृहपाठ शाळा सुटण्यापूर्वी वहीत लिहून द्यावा आणि गट केवळ पालकांसाठीच्या सूचनांपुरता ठेवावा, असे स्पष्ट मांडावे.

मूळ प्रश्नकर्त्या

सर्वांचे मनापासून आभार. वहीतील गृहपाठाची मागणी मी येत्या पालकसभेत मांडणार आहे. चित्रफिती फक्त वर्गातच दाखवाव्यात, याबाबत मात्र माझे मन अजून तयार होत नाही, कारण तिला एखादा भाग पुन्हा पुन्हा पाहावासा वाटतो आणि चाळीस मुलांच्या वर्गात तेवढी सवड तिला मिळणार नाही. तेवढ्यापुरता मोबाइल मी शेजारी बसून तिला देत राहीन.