चेन तांबूस झाली, जोर दिला की घसरते: फक्त चेन बदलून भागेल का?

खारा_वारा
प्रभादेवीला समुद्राजवळ राहतो. सायकल सोसायटीच्या स्टिल्टमध्ये उभी असते, वर प्लॅस्टिकचं कव्हर. टायर २६ × १.९५, पुढे ३ आणि मागे ७ गिअर, व्ही-ब्रेक (दोन हातांनी रिम दाबणारा). पावसाळाभर रोज दादर स्टेशनपर्यंत वापर झाला.

आता चेन तांबूस झालीय आणि करकरते. पुलाच्या चढावर पायडल जोरात दाबलं की 'कट्ट' आवाज होऊन घसरते. मागचा ब्रेक ओला असताना किंचाळतो आणि दाबून सोडला की लिव्हर सावकाश परत येतो. चेनवर गंज सोडवायचा स्प्रे मारला की दोन दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच.

घरी काय काय करता येईल? तेल कोणतं घालू? चेन बदलायची तर फक्त चेन पुरे का?

तिरपा_आरा
आधी चेन का घसरते ते ओळखा, खरेदी नंतर. सायकल उलटी करा आणि पायडल हळूहळू उलटं फिरवा. मागच्या डिरेलरच्या (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) दोन छोट्या चाकांवरून जाताना एखादी कडी सरळ न होता वाकडीच राहिली, तर ती कडी गंजून आखडली आहे. अशी चेन तिच्या स्वतःच्या प्रत्येक पूर्ण फेऱ्यात एकदा, ठरावीक अंतराने उडी मारते. ती कडी दोन्ही हातांत धरून आडव्या दिशेने हलकेच मागेपुढे वाकवा आणि तेलाचा थेंब द्या, बहुतेक वेळा सुटते.

घसरणं फक्त जोर दिल्यावर आणि तेही रोजच्या एक-दोन गिअरांतच होत असेल, तर दाते झिजलेत. जोर न देताही चेन दोन गिअरांच्या मध्ये चाळवत असेल, तर गिअरची केबल सैल आहे किंवा डिरेलरचा हँगर (तो ज्याला लटकतो तो तुकडा) आत वाकला आहे. तीन दुखणी, तीन वेगळे उपाय.

मग चेन मोजा. कंपासपेटीतली ३० सेंमीची पट्टी इथे अपुरी पडते. स्टीलची मेजरिंग टेप घ्या, पण तिच्या टोकाचा हूक सैल असतो म्हणून शून्यापासून मोजू नका. १० सेंमीची खूण एका पिनच्या बरोबर मध्यावर धरा, तिथून पुढे २४ घरं मोजा, म्हणजे पहिली पिन धरून २५ वी. दोन पिनांतलं अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिमी, असल्यामुळे नव्या चेनची ती पिन ४०.४८ सेंमीवर येते. ४०.६३ च्या आसपास आली तर चेन बदलायची वेळ झाली आणि मागचे दाते अजून वाचतील. ४०.७८ म्हणजे १ टक्का ताण. एवढं झाल्यावर दाते त्या ताणलेल्या चेनच्या मापाने घासलेले असतात, नवी चेन त्यांच्यावर बसतच नाही. मोजताना पायडलवर हलका दाब ठेवून चेन ताठ करा, लोंबती चेन चुकीचं माप देते.

जुना_पान्हा
वरचं माप बरोबर आहे. मी स्प्रे, तेल आणि त्या कव्हरबद्दल लिहितो, कारण मुंबईत चेन मरते ती यांच्यामुळे.

गंज सोडवणारा स्प्रे पातळ असतो. तो रोलरच्या (चेनच्या पिनांवर फिरणाऱ्या छोट्या नळ्या) आतलं उरलंसुरलं तेल धुऊन बाहेर काढतो आणि स्वतः उडून जातो. दोन दिवसांनी चेन आधीपेक्षा कोरडी. जाम झालेला नट सोडवायला ठेवा, चेनसाठी नको. शिलाई मशीनचं तेल चांगलं, पण पहिल्याच सरीत वाहून जातं. पावसाळ्यात सायकलच्या दुकानात मिळणारं वेट ल्यूब, म्हणजे पावसात टिकणारं चेनचं तेल, घ्या. ते नसेल तर गाडीचं २०डब्ल्यू-४० इंजिन ऑइलही चालतं, मात्र ते धूळ धरतं, म्हणून दर तीन-चार दिवसांनी चेन पुसायची तयारी हवी.

आधी चेन साफ झाली पाहिजे. मळावर तेल घातलं की वाळू आणि तेलाचा लेप होतो आणि तो कानशीसारखा पिना खातो. चेनमध्ये क्विक लिंक (चेन न तोडता उघडता येणारी जोडकडी) असेल तर ती सोडवा. एक लिटरच्या रुंद तोंडाच्या बरणीत १५० ते २०० मिली टर्पेंटाइन घ्या, चेन टाका, झाकण लावून दोन मिनिटं हलवा. पहिलं टर्पेंटाइन काळंकुट्ट होईल. दुसऱ्यांदा ताज्या टर्पेंटाइनमध्ये हलवा. मग भांडी घासायचं लिक्विड आणि गरम पाणी, मग साधं पाणी. फडक्याने पुसून पंख्याखाली तासभर टांगा. पेट्रोल वापरू नका, आणि हे काम गॅलरीत करा, गॅसपासून लांब. काळं टर्पेंटाइन बरणीतच ठेवा, दोन-तीन दिवसांत गाळ खाली बसतो आणि वरचं पुन्हा वापरता येतं. मोरीत ओतू नका.

क्विक लिंक नसेल तर चेन सायकलवरच ठेवून जुन्या टूथब्रशने घासा. एवढ्यासाठी पिन ठोकून चेन तोडू नका.

तेल प्रत्येक रोलरवर एक थेंब, चेनच्या आतल्या बाजूने. अशा चेनला साधारण ११० रोलर, म्हणजे पाच-सहा मिली तेल पुरतं. पायडल वीसेक फेरे उलटं फिरवा, रात्रभर राहू द्या, सकाळी बाहेरचं सगळं तेल कोरड्या फडक्याने पुसून काढा. तेलाचं काम रोलरच्या आत आहे. बाहेर चकाकणारी चेन फक्त धूळ गोळा करते.

आणि ते प्लॅस्टिकचं कव्हर! ओल्या सायकलवर घातलं की आत वाफ कोंडते, शिवाय तुमच्याकडे खारी हवा. सायकल आधी पुसा, कोरडी झाल्यावरच कव्हर घाला, आणि खालून हवा जाईल एवढं उघडं ठेवा. चौपाटीच्या बाजूने फिरून आलात तर बादलीभर गोड्या पाण्याने धुवा. सर्व्हिस स्टेशनचा जोराचा फवारा मात्र हबवर (चाकाचा मधला भाग) आणि पायडलच्या एक्सलवर मारू नका, आतलं ग्रीस निघून जातं. सीटची नळीही एकदा उपसून काढा, सायकल उलटी करून फ्रेममध्ये साचलेलं पाणी जाऊ द्या, आणि नळीला ग्रीस लावून परत बसवा. नाहीतर ती आत चिकटते आणि पुढे सीट वर-खाली करायला हातोडा लागतो.

चाक_चिमटा
ब्रेकचं: लिव्हर सावकाश परत येतो म्हणजे बहुधा केबलच्या आवरणात गंज आहे. व्ही-ब्रेकचे दोन्ही हात चिमटून वाकडी नळी सोडवा आणि ते हात बोटांनी हलवून बघा. हात सहज हलत असतील तर दोष केबलचा, हात जड असतील तर ते ज्या खुंटीवर फिरतात तिथे गंज. केबलचा असेल तर तेल ओतत बसू नका. आतली तार आणि आवरण दोन्ही बदला, हा स्वस्तातला भाग आहे. आवरण कापताना तोंड चपटं झालं तर टाचणीने गोल करा, नाहीतर नवी तारसुद्धा अडकेल.

किंचाळण्यासाठी रिम स्पिरिटने पुसा. गुटके (ब्रेकचे रबर) काढून त्यांचा चकचकीत थर १२० नंबरच्या पॉलिश पेपरवर घासा, आणि रबरात रुतलेले ॲल्युमिनियमचे कण टाचणीने उपटून टाका. तेच कण रिम कोरतात. बसवताना गुटक्याच्या मागच्या टोकाखाली एक व्हिजिटिंग कार्ड ठेवून ब्रेक दाबा आणि ५ मिमीच्या ॲलन कीने आवळा. म्हणजे पुढचं टोक आधी टेकतं आणि आवाज जातो. गुटका टायरला लागता कामा नये, दोन्ही बाजूंना रिमपासून दीड-दोन मिमी अंतर हवं. एक बाजू घासत असेल तर त्याच बाजूच्या हाताचा छोटा स्क्रू पाव-पाव फेरा आवळा, तो गुटका दूर सरकतो.

खारा_वारा
सगळ्यांचे आभार. माप घेतलं, २५ वी पिन ४०.८ वर येते. आखडलेली कडी एकही नाही. घसरणं फक्त मागच्या तिसऱ्या आणि चौथ्या गिअरवर.

तिरपा_आरा
मग चेन आणि मागचा फ्रीव्हील (मागच्या सातही दातेरी चक्रांचा संच) दोन्ही बदला. फक्त चेन घातलीत तर त्या दोन गिअरांवर आधीपेक्षा जास्त घसरेल. पुढचे दाते बघून घ्या, शार्कच्या पंखासारखे एका बाजूला झुकले नसतील तर राहू द्या.

चेन ६-७-८ स्पीडची घ्या, तिघांना एकच चालते. जुन्या चेनच्या शेजारी लांबी लावून नवी कापू नका, जुनी ताणलेली आहे. कड्या मोजा आणि तेवढ्याच ठेवा. क्विक लिंक पाकिटात नसेल तर दुकानदाराकडे वेगळी मागा.

फ्रीव्हील बहुधा आट्यांचा असेल. जुन्याच्या दात्यांची संख्या मोजून तसाच आणा, आणि रिमूव्हर (फ्रीव्हील सोडवायचं हत्यार) घेण्याआधी फ्रीव्हीलच्या आतल्या खाचा बघा, त्याही वेगवेगळ्या असतात. एक्सलचा नट काढा, रिमूव्हर खाचांत बसवा, नट त्याच्यावर परत हाताने लावा म्हणजे रिमूव्हर उसळून खाचा मोडणार नाही. मग किमान १२ इंची स्क्रू पान्ह्याने डावीकडे फिरवा. एक झटका बसून सुटला की लगेच नट ढिला करा, नाहीतर तो एक्सलवर अडकतो. पायडल मारून मारून हा भाग फार घट्ट झालेला असतो. मोठा पान्हा नसेल तर नुसतं चाक काढून काळबादेवीला किंवा जवळच्या सायकलवाल्याकडे न्या, काम पाच मिनिटांचं आहे.

नवा बसवताना आट्यांना ग्रीस लावा आणि सुरुवातीचे तीन-चार फेरे हातानेच. तिरका लागला तर ॲल्युमिनियमच्या हबचे आटे जातात आणि मग हबच बदलावा लागतो. पान्ह्याने आवळायची गरज नाही, पहिल्या चढावर तो आपोआप आवळला जातो.