इराण्याच्या हॉटेलातलं संगमरवरी टेबल: चहाचे डाग कसे काढावेत?

परळची_इराणी:
नमस्कार मंडळी. प्रश्न एवढासाच आहे, पण थोडं पाल्हाळ लावते.

माझे बाबा इराणी, आई कोकणातली. (फारसीतही बापाला बाबाच म्हणतात, त्यामुळे त्या शब्दावरून घरात कधी वाद झाला नाही.) बाबा यझ्दजवळच्या ताफ्तचे, डाळिंबांच्या गावचे. १९४६ साली, तेरा वर्षांचे असताना, मामाबरोबर ट्रकने झाहेदान, मग क्वेटा, कराची आणि तिथून बोटीने मुंबई. नात्यातल्या एकाच्या हॉटेलात पहिलं काम टेबलांवर फडकं मारायचं. वीस वर्षांनी परळला दोन भागीदारांसोबत स्वतःचं हॉटेल टाकलं, तेही कोपऱ्यावर. कोपऱ्याची जागा अशुभ म्हणून आपली माणसं घेत नसत, म्हणून ती इराण्यांना मिळाली, असं सगळेच सांगतात. बाबा म्हणायचे, "अशुभ कसला? दोन रस्त्याचा गिऱ्हाईक येतो."

पहिल्या पाळीच्या गिरणी कामगारांसाठी पहाटे पाचला शटर वर. ब्रून मस्का, पानी कम चहा आणि गल्ल्याकडे बघून वेटरची आरोळी, "टोपीवाला साठ पैसाऽ!" १९८२ च्या संपात उधारीची वही फुगत गेली. पुढे ती गल्ल्याखाली गेली आणि बाबांनी परत उघडली नाही. आई त्यावरून शेवटपर्यंत बोलत असे. दानशूर वगैरे नव्हते हं, साखर सांडली तर पोऱ्यावर खेकसायचे.

२००४ ला हॉटेल बंद झालं. एक टेबल घरी आणलं. बाबा गेल्या वर्षी गेले. टेबलावर चहाची तीन तपकिरी वर्तुळं आहेत. मी शहाणपणा करून एकावर लिंबू चोळलं, तर तिथे पांढुरका खरखरीत चट्टा उठला. आता काय करू?

फरशीकाम:
ताई, संगमरवराला लिंबू, व्हिनेगर कधीच नको. कॅल्शियम कार्बोनेट आहे ते, आंबट लागलं की दगडच झिजतो. चट्टा पुसून जाणार नाही, पॉलिशवालाच बोलवा. डागांसाठी मेडिकलमधून हायड्रोजन पेरॉक्साइड आणा, त्यात खायचा सोडा कालवून दाटसर लेप करा. वर प्लास्टिक, कडांना चिकटपट्टी, एक दिवस तसंच ठेवा. आधी कडेला कुठेतरी थोडं लावून बघा.

जुनी_मुंबई:
अहो, डाग काढू नका! त्यातच तर हॉटेलच्या आठवणी आहेत. त्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या आहेत का अजून?

परळची_इराणी:
खुर्च्या एका भागीदाराने नेल्या. डाग हॉटेलातले नाहीत हो. तिथे गिऱ्हाईक उठायच्या आत फडकं फिरायचं. जुन्या वस्तू बघून हळहळणाऱ्यांचा बाबांना वैताग यायचा. कोणी कॅमेरा घेऊन आला की म्हणायचे, "फोटो बाद में, पहले चाय पी, ठंडा होता है."

ही वर्तुळं घरातली, शेवटच्या दोन वर्षांतली. हात थरथरायचा, बशी कलंडायची. मग सदऱ्याच्या बाहीने घाईघाईत पुसायचे आणि मी बघितलं की काय म्हणून हळूच माझ्याकडे बघायचे. मी पेपरात डोकं घालून बसायचे. तेव्हा उठून नीट पुसलं असतं तर डाग मुरले नसते.

तिसरी_पाळी:
वही आहे का हो अजून?

परळची_इराणी:
आहे. फारसी आकडे मला येतात, बाबांनी शिकवले होते. अक्षरं नाही येत. त्यामुळे कोणाचे किती ते कळत नाही, नुसते आकडे दिसतात.

@फरशीकाम, लेप लावला होता. एक वर्तुळ गेलं, दुसरं फिकं झालंय, उद्या परत लावते. पॉलिशवाला म्हणतो, चट्टा निघेल, पण टेबल अख्खं घासावं लागेल. घास म्हटलं.